दादाला कुठं ठेवायचं

वाल्डेनरोड, ५ नोव्हेंबर १८८३

डॉक्टर फाइट यांनी आज दादाच्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढून घेतला. खळगा तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आपल्या पेटीचं कुलूप लावत बसले. बाहेर दालनात गाठलं तेव्हा म्हणाले, "बाईसाहेब, हृदय थकलंय. पाणी चढत चाललंय. हा हिवाळा निघाला तर देवाची कृपा."

हे त्यांनी आधी योहानाला सांगितलं होतं, असं मला मागाहून कळलं. मला ते अजिबात आवडलं नाही. वाल्डेनरोडच्या संस्थानिकाच्या प्रकृतीची बातमी आधी त्याच्या सख्ख्या बहिणीला द्यायची, की वनाधिकाऱ्याच्या मुलीला?

वडिलांच्या आजारपणात आई रोज चार ओळी लिहायची. डोकं ताळ्यावर राहतं, म्हणायची. मीही लिहीन.

९ नोव्हेंबर

लीना नवीन आहे, ल्यूबेककडची. माझे केस विंचरताना विचारते, "बाईसाहेब, राजेसाहेबांच्या पत्नी टेबलाच्या शेवटी का बसतात? दिवाणजींच्याही खाली?"

मी तिला नीट समजावून सांगितलं. आमच्या घराण्याचा कायदा सरळ आहे. राजघराण्यातल्यानं राजघराण्यातच लग्न करायचं. खालच्या घरात केलंच, तर पाद्र्यासमोर उजव्या हाताऐवजी डावा हात द्यायचा. मग बायकोला नवऱ्याचं नाव मिळत नाही, मुलांना गादी मिळत नाही, आणि मेल्यावर राजचर्चखालच्या तळघरात, घराण्याच्या थडग्यांत, जागा मिळत नाही. दादानं बावीस वर्षांपूर्वी योहानाला डावा हात दिला. तिला नवं नाव दिलं, फ्राउ फॉन बिर्कफेल्ड. गाडी दिली, पण तिच्यावर राजचिन्ह नाही. चर्चमध्ये ती अधिकाऱ्यांच्या बायकांत बसते आणि वरच्या राजसज्जात मी आणि दादा.

"मग जेवताना राजेसाहेब त्यांच्याशी एवढ्या लांबून ओरडून बोलतात?" लीनानं विचारलं.

"राजेसाहेब जेवताना बोलत नाहीत," मी म्हटलं.

हे खरं आहे. बावीस वर्षांत दादा जेवताना फारसा बोललेला मला आठवत नाही.

२० नोव्हेंबर

आडवं झालं की दादाला धाप लागते, म्हणून तो आता खुर्चीतच असतो. सकाळी मी बसते, दुपारनंतर ती. मध्ये थोडा वेळ दोघीही असतो, त्याला इलाज नाही. आज तो म्हणाला, "दोन बायका आणि एक खुर्ची. गादीवर होतो तेव्हाही माझ्यावर इतका पहारा नव्हता."

"अजून गादीवरच आहेस," मी म्हटलं.

"गादी नाही गं, उशी आहे ही. आणि ती टोचतेय."

ती उठली, उशी काढून झटकली, उलटी करून पाठीशी दिली. त्यानं डोळे मिटले. मी सकाळपासून तीच उशी तीनदा नीट केली होती.

खुर्चीसमोरच्या भिंतीवर संस्थानचा मोठा नकाशा आहे. मोजणीदार वेंट यांनी काढलेला. ते इथं मोजणीला आले होते त्याला बरीच वर्षं झाली. आता कासेलला असतात, त्यांना दोन मुलं आहेत, असं कुणीतरी सांगितल्याचं आठवतं. नकाशा चांगला आहे. ओढे फार सुरेख काढलेत.

२ डिसेंबर

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. चर्चहून आले तेव्हा दादानं तिला सूप आणायच्या निमित्तानं बाहेर पाठवलं, आणि मला म्हणाला, "थेक्ला, मला खाली ठेवू नका."

"खाली म्हणजे?"

"तळघरात. आजोबांच्या शेजारची जागा माझी आहे ना? मी त्यांना ते जिवंत असतानाही घाबरायचो."

मला आधी वाटलं थट्टा करतोय. "मग कुठं ठेवायचं तुला?"

"एमिलजवळ."

एमिल म्हणजे त्यांचा मुलगा. घटसर्पानं गेला, चार वर्षांचा होता. बिर्कफेल्ड नावाचा असल्यामुळं त्याला गावच्या दफनभूमीत पुरलं, भिंतीजवळ, लिंडेनच्या झाडाखाली. राजवाड्यावरचा झेंडा उतरवला नव्हता, कारण तो घराण्यातला नव्हता. मी खिडकीतून पाहिलं होतं. तसाच नियम होता.

"योहानाला कधीतरी तिथंच नेतील," दादा म्हणाला. "मग मी इकडं एकटा काय करू? आजोबांना शिकारीच्या गोष्टी सांगू?"

मी त्याला सांगितलं की तीनशे वर्षांत वाल्डेनरोडचा एकही संस्थानिक तळघराबाहेर पुरलेला नाही. लुटारू सैन्य गावात होतं तेव्हाही नाही. "तू म्हणजे फक्त तू नाहीस, दादा. तू वाल्डेनरोड आहेस."

"जन्मल्यापासून चोपन्न वर्षं वाल्डेनरोड होतो," तो म्हणाला. "आता जरा एगोन होऊन पडू दे."

मी नाही म्हटलं. आजारी माणसाला नाही म्हणणं सोपं नसतं, पण कुणीतरी म्हणायलाच हवं. ती सूप घेऊन आली आणि विषय थांबला. दादानं तिला हे सांगितलंय का, कोण जाणे. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. त्या घरच्या सगळ्यांचे चेहरे असेच, झाडासारखे.

१४ डिसेंबर

दादाच्या पायांना आता पट्ट्या बांधाव्या लागतात. दुपारी तो झोपला होता. योहाना आणि मी खिडकीशी बसून धुतलेल्या पट्ट्या गुंडाळत होतो. गप्प बसणं अवघड झालं म्हणून मी नकाशाबद्दल काहीतरी बोलले.

ती म्हणाली, "वेंटसाहेब आमच्याकडंच राहायचे. वरच्या खोलीत."

"असतील," मी म्हटलं.

"राजेसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्यामुळंच. तेव्हा ते युवराज होते. मी अंगणात बदकाची पिसं काढत होते. घोड्यावरून उतरले आणि विचारलं, मोजणीदार कुठायत? वर आहेत म्हटलं. वर गेले, थोड्या वेळानं खाली आले आणि पायरीवरच बसले. चेहरा पांढराफटक. मला वाटलं घेरी येईल, म्हणून ताक दिलं. म्हणाले, मी आत्ता एका भल्या माणसाला फार वाईट निरोप देऊन आलोय."

मी पट्टी गुंडाळत होते. निरोप माझाच होता. वडिलांनी सांगितलं आणि मी दादाजवळ दिला, राजकन्या येणार नाही म्हणून. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मोजणीदार आणि राजकन्या, हे होण्यासारखं नव्हतंच.

"नंतर ते परत आले," योहाना म्हणाली. "ताकाचे आभार मानायला म्हणे. पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा माझ्या लक्षात आलं."

"आणि वेंटसाहेब?" हे मी का विचारलं, मला माहीत नाही.

"ते बरेच दिवस थांबले हो. सामान बांधून ठेवलेलं. सकाळ झाली की फाटकाशी जाऊन राजवाड्याच्या रस्त्याकडं बघत उभे राहायचे. आई म्हणायची, अहो, आत या, थंडी आहे. मग एक दिवस गेले." तिनं माझ्याकडं पाहिलं. "मला वाटायचं, तुम्हाला माहीत असेल."

"नाही," मी म्हटलं. "माहीत नव्हतं."

आज बर्फ पडला. पट्ट्या सगळ्या गुंडाळून झाल्या. आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

२४ डिसेंबर

दादाला खालच्या भोजनगृहात नेणं शक्य नव्हतं, म्हणून त्याच्या खोलीतच गोल टेबल मांडलं. गोल टेबलाला वरची बाजू नसते नि खालचीही नसते, त्यामुळं कोण कुठं हा प्रश्न आला नाही. कार्प मासा होता. योहानानं काटे काढून त्याला भरवला. त्यानं चार घास खाल्ले आणि सबंध जेवणभर बोलत राहिला. लहानपणी मी नाताळच्या झाडावरचा साखरेचा देवदूत चोरून खाल्ला आणि डोकं तेवढं परत टांगून ठेवलं, ही गोष्ट तिला सांगितली. ती हसली. तिचे पुढचे दात थोडे वाकडे आहेत, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग तो एकदम गंभीर झाला. "थेक्ला, त्या वर्षी मी वेंटकडं गेलो तेव्हा खरं तर मी..."

"खा आता," मी म्हटलं. "गार होतंय."

बहुधा सरहद्दीच्या त्या जुन्या मोजणीबद्दल असेल. अशा अवस्थेतही त्याला कारभाराची काळजी.

६ जानेवारी १८८४

दादानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. कारणं सांगितली. आपण कायदा मोडला तर लोकांनी का पाळायचा? ज्यांनी तो पाळला, ते काय मूर्ख होते?

या शेवटच्या वाक्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाला, "बरं." एवढंच. तो वाद घालेल म्हणून मी तयारी करून गेले होते.

१२ जानेवारी

त्यानं पुन्हा विषय काढलेला नाही.

१५ जानेवारी

आजही नाही. सकाळभर मी त्याच्याजवळ होते. विचारलं असतं तरी माझं उत्तर तेच होतं. पण त्यानं विचारायला हवं होतं.

१९ जानेवारी

दादा आज सकाळी गेला. उजाडलं होतं. तिनं एक हात धरला होता, मी एक. शेवटी तो काही बोलला नाही. वहिनीनं त्याचे डोळे मिटले, मग जीवाला वाट मिळावी म्हणून खिडकी उघडली, त्यांच्याकडं तशी रीत आहे. खूप थंड हवा आत आली. मी खिडकी लावली नाही.

२० जानेवारी

दिवाण हार्टुंग सकाळी काळ्या पोशाखात आले. आता गादी कुनोची, म्हणजे वडिलांच्या चुलतभावाच्या मुलाची. तो पोट्सडामला घोडदळात कर्नल आहे. त्याची तार आली: घाटात बर्फ कोसळून रेल्वे अडकली आहे, रस्ता मोकळा झाला की येतो, विधी परंपरेप्रमाणे व्हावेत.

"तोवर," हार्टुंग म्हणाले, "घराण्याच्या वतीनं शब्द तुमचा, बाईसाहेब. मी सगळं मांडून आणलंय." आणि त्यांनी मला मिरवणूक समजावली. शवपेटीमागं मी. माझ्यामागं ते. मग अधिकारी, मग पाद्री मंडळी, मग गावचे पंच. राजचर्चच्या तळघराचा दगड परवा उचलतील.

"आणि फ्राउ फॉन बिर्कफेल्ड?"

ते खोकले. "त्यांना मिरवणुकीत पद नाही. वडील महाराजांच्या वेळचा दाखलाही नाही. रस्त्याच्या कडेला... म्हणजे गावकऱ्यांबरोबर... त्या समजूतदार आहेत."

"हो, आहे ती समजूतदार," मी म्हटलं. बरोबरच होतं सगळं. मी स्वतः मांडलं असतं तर असंच मांडलं असतं.

२१ जानेवारी

दुपारी योहाना माझ्या खोलीत आली. माझ्या खोलीत ती यापूर्वी कधी आली होती? बहुतेक नाहीच. दारातच उभी राहिली. डोळे कोरडे. मला वाटलं, आता मागेल. दादानं जे मागितलं तेच आता ही मागेल. आणि मी उत्तर जुळवून ठेवलं.

ती म्हणाली, "बाईसाहेब, एक विचारायचं होतं. मी कुठं उभी राहू?"

"काय?"

"मिरवणुकीच्या दिवशी. पुलाजवळ उभी राहिले तर पेटी नीट दिसेल, पण तिथं गर्दी असते. चर्चच्या बाजूला उभं राहिलेलं चालेल का? कोपऱ्याला? मी पुढं येणार नाही. फक्त आत नेईपर्यंत दिसावी, एवढंच." मग म्हणाली, "तुम्हाला नियम माहीत असतात. म्हणून विचारलं."

माझ्याजवळ तिच्या या प्रश्नाचं उत्तर होतं. कोपऱ्याला चालेल, पण बुरखा काळा नको, तो घराण्यातल्यांचा, राखी घ्यावा, असं ते उत्तर होतं. मी तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं नाही.

"बस," मी म्हटलं.

"नको, कामं आहेत."

"बस गं जरा."

ती बसली. थोड्या वेळानं उठली. ती गेल्यावर मी हार्टुंगना बोलावून घेतलं आणि सांगितलं की राजेसाहेबांना गावच्या दफनभूमीत, भिंतीजवळ, लिंडेनखाली पुरायचं आहे.

ते आधी हसले. मग म्हणाले, "बाईसाहेब, दुःखानं माणूस..."

"दुःखाचा काय संबंध? तळघराचा दगड बर्फानं धरलाय. उचलताना फुटेल. तीनशे वर्षांचा दगड आहे."

"दगड धरला असेल, तर दफनभूमीतली माती काय मऊ असेल? कुदळ लागायची नाही."

"मग माती शेकवा."

"शेकवा?"

"जाळ करा तिच्यावर. लाकडाला वाल्डेनरोडमध्ये तोटा आहे का?"

त्यांचा चेहरा पडला. "कुनोमहाराज काय म्हणतील?"

"ते आल्यावर म्हणतील. आज शब्द माझा आहे, हे तुम्हीच काल सांगितलंत."

हे मी दादासाठी केलं असं नाही. मी त्याला शब्द दिला नव्हता. आणि तिनं तर काही मागितलंच नाही. पण एखादी बाई समजूतदार आहे म्हणून तिला रस्त्याच्या कडेला उभं करायचं, याला व्यवस्था म्हणत नाहीत. मी आयुष्यभर व्यवस्थेच्या बाजूनं आहे.

२२ जानेवारी

दफनभूमीतून दिवसभर धूर निघत होता. योहानाच्या भावानं जंगलातून ओंडक्यांच्या तीन गाड्या पाठवल्या. जाळ विझवायचा, वितळली तेवढी माती काढायची, पुन्हा जाळ करायचा, असं चाललं होतं. लीना सांगत आली की सगळं गाव दारात उभं राहून धुराकडं बघतंय, कुणीही कुणाला काही विचारत नाही, आणि बेकरी आज उघडलीच नाही.

पाद्री झोमर येऊन गेले. त्यांना भीती वाटत होती की नवे महाराज त्यांची बदली करतील. मी म्हटलं, "शक्य आहे." ते थोडा वेळ टोपी फिरवत बसले. मग म्हणाले, "एमिलला मीच पुरलं होतं. त्या दिवशी राजेसाहेब माझ्या पाठीमागं उभे होते, आणि मला त्यांच्याकडं वळून बघायची हिंमत झाली नव्हती." आणि म्हणाले की येतो.

२४ जानेवारी

झालं.

इतकी थंडी होती की घंटा नुसती ठणठण वाजत होती. राजवाड्याच्या फाटकात शवपेटी उचलली. मी तिच्यामागं उभी राहिले आणि योहानाला हात करून बोलावलं. ती आली, पण चालायला लागल्यावर पाहते तर ती मागं पडलेली. पुन्हा थांबले, ती आली. पुन्हा मागं. मुद्दाम नव्हे, तिचे पायच तसे पडत होते. पुलाच्या अलीकडं मी थांबले ते थांबलेच. पेटी थांबली, हार्टुंग थांबले, सगळं गाव थांबलं.

"काय झालं?" ती घाबरून कुजबुजली.

"काही नाही. तू येईपर्यंत मी हलणार नाही. आणि मला फार थंडी वाजतेय."

तेव्हा ती पुढं आली. मी तिचा हात काखेत घेतला आणि सोडला नाही. सोडला असता तर तीच मागं गेली असती असं नाही, बर्फावर मीही पडले असते.

खड्ड्याच्या कडा काळ्या झाल्या होत्या, जळलेल्या लाकडाचा वास येत होता. माती टाकली तेव्हा ती अजून कोमट होती. हातमोजे काढून टाकली म्हणून कळलं.

२७ जानेवारी

कुनो आला. दाढीत बर्फ, तसाच सरळ माझ्या खोलीत. पण आधी वाकून माझ्या हाताचं चुंबन घेतलं. त्याच्या आईनं त्याला वळण चांगलं लावलंय.

"थेक्लाताई," तो म्हणाला, "तुम्ही घराण्यातल्या सगळ्यात कडक. मी आठ वर्षांचा असताना काटा चुकीच्या हातात धरला म्हणून तुम्ही मला जेवणावरून उठवलं होतं. आणि तुम्हीच असं करावं?"

"काटा तू अजूनही तसाच धरतोस."

त्याला हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. "ही चेष्टेची गोष्ट नाही. उद्या माझा मुलगा एखाद्या नटीशी लग्न करेल आणि म्हणेल, एगोनकाकांना चाललं ना? मी काय उत्तर देऊ? मी त्यांना हलवू शकतो. आता गादीवर मी आहे."

"हलव की. भर दिवसा हलव, गावाच्या मधून ने. मी आणि माझी वहिनी पुढं चालू."

त्याची भुवई वर गेली. "काय म्हणालात?"

"हलव म्हणाले."

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिथून दफनभूमीची भिंत दिसते. मग म्हणाला, "दरबारी नोंदीत असं लिहू. कडाक्याच्या थंडीमुळं तात्पुरतं दफन. हवा सुधारल्यावर तळघरात स्थलांतर."

"आणि हवा सुधारली हे कोण ठरवणार?"

"मी."

मग त्यानं बाकीचं सांगितलं. फ्राउ फॉन बिर्कफेल्डनी ईस्टरच्या आत राजवाडा सोडावा. माझ्या खोल्या त्याच्या मुलांना लागतील. मला मारियेनश्टिफ्टमध्ये जागा मिळेल, तिथं आमच्यासारख्या घरच्या बिनलग्नाच्या बायका राहतात, सोय उत्तम असते. तो निर्दय नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, मागच्या वर्षापर्यंत तरी.

११ मार्च

मारियेनश्टिफ्टहून उत्तर आलं की माझ्या खोल्यांना नुकताच चुना दिलाय, ओल आहे. म्हणून मी सध्या वहिनीबरोबर तिच्या माहेरच्या घरी आले आहे. थोड्याच दिवसांसाठी. तिचा भाऊ खाली राहतो, आम्ही वर. घर लहान आहे, कोंबड्या फार लवकर ओरडतात, आणि वहिनी कॉफीत चिकोरी घालते. मी सांगून पाहिलं. ती म्हणते, "राजेसाहेबांना अशीच आवडायची." दादानं राजवाड्यात कधी चिकोरीची कॉफी प्यायलेली मी पाहिली नाही. म्हणजे तो कुठंतरी चोरून पीत असणार.

२ एप्रिल

खोल्या सुकल्या, असं मारियेनश्टिफ्टच्या प्रमुख बाईंचं पत्र आलं. मी कळवलं की अजून थोडं थांबावं, माझी छाती नाजूक आहे. माझ्या छातीला आजवर काही झालेलं नाही. पण वाफ्यात कांदे लावायचे आहेत आणि वहिनीची कंबर धरलीय, तिला एकटीला कसं टाकून जाणार?

२२ एप्रिल

सकाळी लीना धावत आली. ती आता नव्या राणीसाहेबांकडं आहे, पण अजून बातम्या मलाच आणून देते. "बाईसाहेब, तळघराचा दगड उचललाय! दोर आलेत, आठ माणसं बोलावलीत. महाराज दफनभूमीकडं निघालेत!"

वहिनी पिठात हात घालून उभी होती. तिनं हात धुतलेही नाहीत. आम्ही दोघी गेलो. वाटेत ती एकच वाक्य बोलली, "भांडू नका हं त्यांच्याशी. तुमचंच नुकसान होईल."

"माझं आता काय नुकसान व्हायचंय?"

लिंडेनला कोवळी पालवी आली आहे. ऊन इतकं होतं की मला काळ्या रेशमी पोशाखात घाम फुटला. आम्ही थडग्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. मी कुनोसाठी बोलणं तयार केलं होतं, मोठं, आजोबांपासून सुरू होणारं.

तो हार्टुंगबरोबर आला. माणसं आणि दोर फाटकाशी थांबले. त्यानं आम्हाला नमस्कार केला, मला आधी, मग वहिनीला. वहिनीनं लावलेला दगड तो वाचत उभा राहिला. त्यावर मुकुट नाही, ढाल नाही. एगोन, एवढंच लिहिलंय, आणि शेजारी लहान अक्षरांत एमिल. खाली बरीच कोरी जागा ठेवली आहे. कुनोनं टोपी काढली. वहिनीच्या कोपरापर्यंत पीठ लागलं होतं, ते वाळून पांढरं झालं होतं. त्यानं त्या हातांकडं पाहिलं. त्याच्या कपाळावरून घामाचा ओघळ कॉलरमध्ये गेला.

"हार्टुंग," तो म्हणाला, "हवा अजून फार खराब आहे."

हार्टुंगनी वर निळ्याभोर आकाशाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "फारच खराब, हुजूर."

"पुढच्या वर्षी बघू. तळघराचा दगड परत बसवायला सांगा." त्यानं टोपी घातली आणि मला म्हणाला, "थेक्लाताई, तुम्ही छातीला जपा." आणि निघून गेला. माझं बोलणं तसंच राहिलं.

माणसं दोर गुंडाळून गेली. मी वहिनीला म्हणाले, "चल, पीठ वाळलं असेल." ती हलली नाही. दादा गेला तेव्हा ती रडली नव्हती, मिरवणुकीतही नाही, राजवाड्याबाहेर पडतानाही नाही. आता ती दगडाशेजारी खाली बसली आणि रडायला लागली, लहान मुलासारखी, मोठ्यानं, तोंड न झाकता. कुणीही येऊन पाहील असं. अशा वेळी काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही. थोडा वेळ मी उभी राहिले. मग मीही खाली बसले.

गवत ओलं होतं. जेवणाची वेळ टळून गेली, खालच्या रस्त्यानं लोक येत-जात होते, आणि आम्ही दोघी तिथंच बसून होतो.